सोरायसिसमध्ये विसरायला होतंय? बीडीएनएफ मोजण्याआधी करायची कामं

सोरायसिसच्या रुग्णांची एक तक्रार केसपेपरवर क्वचितच चढते. कोपरांवरचे चट्टे, डोक्यातल्या खपल्या, नखांवरचे खड्डे डॉक्टर बघतात आणि लिहून घेतात. पण ‘हल्ली नावं पटकन आठवत नाहीत’, ‘पान वाचून संपलं की पुन्हा वरून सुरुवात करावी लागते’, ‘दूध गॅसवर ठेवलं हेच डोक्यातून जातं’ हे रुग्ण उठून दाराशी गेल्यावर सांगतो, तोवर पुढचा नंबर आत आलेला असतो. मग घरी मोबाइलवर शोधाशोध होते आणि बीडीएनएफ हे नाव समोर येतं. मेंदूच्या पेशींना पोसणारं प्रथिन, सोरायसिसमध्ये म्हणे कमी होतं. ते कुठे मोजून मिळेल आणि वाढवायची गोळी कोणती, हे पुढचे दोन प्रश्न ठरलेले.

मोजू नका, आणि तशी गोळी नाही. तक्रार मात्र खरी असू शकते. तिच्यामागची बरीचशी कारणं एक वही, औषधांची पिशवी आणि चार-पाच साध्या रक्ततपासण्यांतून सापडतात. क्रम चुकला तर पैसा जातो आणि कारण तसंच राहतं, म्हणून क्रमाने घेऊ.

एकाच घराण्यातली दोन प्रथिनं

‘मेंदूवाढीची प्रथिनं’ म्हटलं की ती फक्त डोक्यात असतात असं वाटतं. या घराण्यातलं पहिलं प्रथिन नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे एनजीएफ. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना त्याचा माग लागला तो कोंबडीच्या गर्भात उंदराच्या गाठीचा तुकडा रोवल्यावर. आजूबाजूचे चेतातंतू त्या गाठीत भसाभस शिरलेले दिसले. स्टॅनली कोहेन यांनी पुढे हेच प्रथिन सापाच्या विषातून आणि उंदराच्या लाळग्रंथींतून वेगळं काढलं. १९८६ चं नोबेल या दोघांना मिळालं. बीडीएनएफ नंतरचं. १९८२ मध्ये यीव-आलँ बार्द आणि हान्स थोनेन यांनी ते डुकराच्या मेंदूतून शुद्ध केलं.

त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी एनजीएफ तयार करतात आणि सोरायसिसच्या चट्ट्यात ते नेहमीपेक्षा जास्त असतं. त्याच्यावर चेतातंतू फोफावतात, त्यांच्या टोकांतून सबस्टन्स पी नावाचं रसायन सुटतं, त्वचेतल्या, खाज-सूज आणणारी रसायनं साठवणाऱ्या मास्ट पेशी चेततात, खाज वाढते. खाजवलं की कातडीला जखम, जखमेवर नवा चट्टा. हे बहुधा दहा ते वीस दिवसांनी दिसतं, त्यामुळे आजच्या चट्ट्याचा दोष आज खाल्लेल्या वांग्यावर जातो आणि दोन आठवड्यांपूर्वीचं ओरबाडणं सुटून जातं. चेतातंतूंचा हा संबंध संशोधक युजीन फार्बर आणि सिबा रायचौधुरी यांनी नेटाने मांडला. त्याला आधार देणारं एक निरीक्षण डॉक्टरांच्या जुन्या ओळखीचं आहे: अपघातात किंवा शस्त्रक्रियेत एखाद्या भागाची चेतातंतूची वाट तुटली, तर तिथला चट्टा निवळतो आणि संवेदना परत आली की तोही परत येऊ शकतो.

बीडीएनएफची गोष्ट उलट दिशेने जाते. काही छोट्या अभ्यासांत सोरायसिसच्या रुग्णांच्या रक्तात ते कमी आढळलं, पण सगळ्या अभ्यासांचा सूर एक नाही. मेंदूत, विशेषतः नवी आठवण साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये, बीडीएनएफ दोन पेशींमधला सांधा पक्का करतं. टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ यांसारखे दाहाचे निरोप मेंदूपर्यंत पोचले की तिथल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या पहारेकरी पेशी, जाग्या होतात आणि बीडीएनएफची निर्मिती दबू शकते. दबवणारी इतर कारणंही आहेत: तुटकी झोप, नैराश्य, बसून राहणं. सोरायसिसच्या माणसाकडे ही तिन्ही बऱ्याचदा एकदमच मुक्कामाला असतात.

म्हणजे एकाच घराण्यातलं एक प्रथिन कातडीत जास्त आणि दुसरं रक्तात कमी. ‘सोरायसिसमध्ये मेंदूवाढीची प्रथिनं घटतात’ हे वाक्य कुठे वाचलंत तर कोणतं प्रथिन आणि कुठलं, एवढं विचारा.

आकलनशक्तीबद्दलही असंच. त्वचारोग विभागात येणाऱ्या मध्यम ते तीव्र सोरायसिसच्या रुग्णांवर झालेल्या काही छोट्या अभ्यासांत लक्ष, आठवण आणि कामाची आखणी यांत कसर दिसली. उलट नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात, जिथे सर्वसाधारण वस्तीतली आणि बहुतांशी सौम्य सोरायसिसची माणसं होती, आकलनशक्ती, मेंदूची प्रतिमा किंवा स्मृतिभ्रंश यांच्याशी संबंध आढळला नाही. व्यवहारात याचा अर्थ असा घ्यावा: गुडघ्यावर दोन चट्टे असतील तर विसराळूपणाचं खापर त्यांच्यावर फोडू नका, दुसरं कारण शोधा. अंगाचा मोठा भाग व्यापलेला असेल, सोबत वजन, मधुमेह, सांधेदुखी, जागरण असेल, तर शोधायला बरंच आहे.

रक्तातला आकडा का फसवतो

रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेटच्या पोटात बसलेलं असतं. साध्या लाल झाकणाच्या नळीत रक्त गोठतं तेव्हा प्लेटलेट फुटतात आणि ते बाहेर येतं. म्हणून सीरममधला (रक्त गोठल्यावर उरलेल्या द्रवातला) आकडा प्लाझ्मामधल्या (न गोठवलेल्या रक्ताच्या द्रवातल्या) आकड्याच्या कित्येक पट असतो. नळी दहा मिनिटं ठेवली की तासभर, यावरही आकडा हलतो. सोरायसिसमध्ये प्लेटलेट मुळातच जास्त चेतलेल्या असतात, म्हणजे गोंधळात भर. त्यातून बीडीएनएफची दोन रूपं असतात, कच्चं आणि पक्व. पक्व रूप पेशींमधला सांधा मजबूत करतं, तर कच्चं रूप पेशीवरच्या दुसऱ्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटून तोच सांधा ढिला करतं. काही किट दोन्ही मिळून मोजतात. वय, व्यायाम, नैराश्यावरची औषधं यांनीही आकडा बदलतो. कमी आला तर कुठली उपचारपद्धती बदलायची, याला आज कोणाकडे उत्तर नाही. ज्या तपासणीने पुढचं पाऊल बदलत नाही ती करायची कशाला?

पहिलं काम: २८ दिवसांची वही

शाळेची दोनशे पानी वही पुरते. रोज रात्री झोपण्याआधी एक ओळ, सहा रकाने: खाज ० ते १०, काल किती तास झोप, किती वेळा जाग, आज घेतलेली औषधं वेळेसकट, चालणं किती मिनिटं, आणि चुका. चुकांच्या रकान्यात ‘आज फार विसरलो’ लिहून उपयोग नाही, नेमकं लिहायचं: ‘स्कूटरची किल्ली डिकीला लागलेली राहिली’, ‘सुनेला एकच निरोप दोनदा सांगितला’, ‘ओटीपी बघून टाकेपर्यंत विसरला’.

चौथ्या आठवड्यात चुकांना दोन रंग द्या. ज्या गोष्टी मुळात नीट ऐकल्या-पाहिल्याच नव्हत्या, किंवा थोड्या वेळाने आपोआप आठवल्या, त्या निळ्या. या लक्षाच्या चुका. ज्या कोणी आठवण करून देऊनही ‘असं झालंच नाही’ वाटलं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारला, किंवा रोजच्या रस्त्यावर वळण चुकलं, त्या लाल. निळ्या चुका खाज आणि जागरणाच्या दिवसांशी जोडून येतात का बघा. आल्या तर अर्धं उत्तर मिळालं. लाल चुका तीन-चार जरी असल्या तरी वही घेऊन फिजिशियन किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जा, आणि सोबत घरातलं कोणी तरी न्या. लाल चुका स्वतःच्या वहीत स्वतः सहसा कमी लिहिल्या जातात.

घरचं मोजमाप

आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी, शक्यतो सकाळी चहानंतर. खाजेची गोळी घेतल्यावर करू नका.

घरातल्या माणसाने पाच शब्द सावकाश वाचायचे: लिंबू, पायरी, छत्री, बैल, चांदी. तुम्ही दोनदा म्हणायचे. दहा मिनिटं दुसरं काम, मग आठवतील तेवढे सांगायचे. दर आठवड्याला यादी नवी हवी. शब्द एकमेकांशी नातं नसलेले हवेत आणि खोलीत समोर दिसणारी वस्तू नको. ‘चहा, साखर, दूध’ अशी यादी केली तर एक आठवला की बाकीचे मागोमाग येतात आणि मोजमाप वाया जातं. मग उलटे अंक: ‘७-२-९’ ऐकून ‘९-२-७’. तीनपासून सुरुवात, एकेक वाढवत. बहुतेक प्रौढांना चार-पाच अंक उलटे जमतात. आपली तुलना शेजाऱ्याशी नाही, स्वतःच्या मागच्या आठवड्याशी.

शंभरातून सात-सात वजा करण्याची प्रसिद्ध कसोटी मराठीत जरा जपून घ्यावी. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. यात ‘एकोणऐंशी’ आणि ‘एकोणनव्वद’ यांत धडधाकट माणसाचीही जीभ अडखळते, आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्याला तर शहाऐंशी म्हणजे किती हे आधी मनात लावून बघावं लागतं. चूक गणिताची की आकड्याच्या नावाची, हे कळायला उत्तर कागदावर लिहू द्या, किंवा ज्या भाषेत पाढे पाठ केले त्या भाषेत बोलू द्या.

दवाखान्यात होणारी, लक्ष आणि आठवण तपासणारी मोका चाचणी ३० गुणांची, साधारण दहा मिनिटांची असते. २६ किंवा जास्त गुण सर्वसाधारण धरतात आणि शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवतात. ती मराठीतून घ्यायला सांगा. तिची प्रश्नपत्रिका नेटवर शोधून घरी सराव करू नका. शब्द पाठ झाले की खरी चाचणी नासते, आणि ज्या डॉक्टरांना तुमची आठवण मोजायची होती त्यांच्या हाती तुमची तयारी लागते.

औषधांची पिशवी रिकामी करा

घरातलं सगळं एका ताटात ओता: गोळ्या, मलमं, चूर्णं, कॅप्सूल, जिमवाल्याने दिलेला डबा. आमच्या मते या एका कामातून जेवढं सापडतं तेवढं कुठल्याच रक्ततपासणीतून सापडत नाही.

सगळ्यात आधी मेथोट्रेक्सेट शोधा. सोरायसिसमध्ये ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. ती रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. चिठ्ठीवर वार अक्षरात लिहून घ्या, ‘दर रविवारी’ असा, आणि पाकिटावर मार्करने तोच वार टाका. फॉलिक अॅसिड वेगळी गोळी आहे, दोन्ही पिवळ्या असू शकतात, म्हणून एका डबीत ठेवू नका. तोंडात फोड, ताप, जुलाब, अंगावर काळेनिळे डाग यांतलं काहीही दिसलं तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवीच्या किंवा छातीच्या जंतुसंसर्गासाठी कोणी कोट्रायमोक्साझोल लिहून दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं लगेच सांगा. दोन्ही एकत्र आली की रक्तपेशी झपाट्याने कोसळू शकतात. मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी काही जणांचं डोकं जड राहतं, काम सुचत नाही. वहीत दर सोमवारी चुका जास्त दिसल्या तर डॉक्टरांना सांगा. डोसचा वार बदलून किंवा फॉलिक अॅसिडचं वेळापत्रक बदलून बऱ्याचदा निभतं.

मग खाजेच्या गोळ्या. हायड्रॉक्सिझीन, क्लोरफेनिरामिन झोप आणतात आणि त्यांचा अंमल दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत रेंगाळतो. साठीच्या पुढे तर हमखास. सोरायसिसची खाज मुख्यतः हिस्टामिनची नसते, वर सांगितलेल्या चेतातंतूंची असते, त्यामुळे या गोळ्या खाज फारशी कमी करत नाहीत, फक्त गुंगी देतात. वर्षानुवर्षं रोज चालू असेल तर ‘ही थांबवता येईल का’ हा प्रश्न विचाराच.

उलट दिशेचाही एक फास आहे. मनाच्या किंवा डोक्याच्या तक्रारीवर मिळणारी दोन औषधं सोरायसिस भडकवू शकतात: मनोविकारावरचं लिथियम, आणि धडधड-अर्धशिशीसाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल व त्याच्या जातीची इतर. मनोविकारतज्ज्ञाला किंवा न्यूरॉलॉजिस्टला आपल्याला सोरायसिस आहे हे कपड्याआड राहू देऊ नका. लिथियम स्वतःहून मात्र कधीही बंद करायचं नाही. अॅप्रेमिलास्ट ही सोरायसिसची गोळी सुरू केल्यावर काही जणांचं मन खाली जातं, तेही वहीतून कळतं.

राहिलं चूर्ण आणि कॅप्सूल. ‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून विकलं जाणारं अश्वगंधा, हळदीचा तीव्र अर्क यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. मेथोट्रेक्सेटचा भार यकृतावर आधीच असतो. फोडणीतली हळद वेगळी, तिला कोणी काही म्हणत नाही. लेबल नसलेली ‘गुणकारी’ पुडी आठ दिवसांत चट्टे साफ करत असेल तर तिच्यात स्टेरॉइड असण्याचा संशय घ्या. ती अचानक थांबवली की अंगभर लाली किंवा पुवाचे फोड येऊ शकतात, म्हणून पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा, फेकून जाऊ नका.

मागायच्या तपासण्या

हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, यकृत आणि मूत्रपिंड, लिपिड. एवढंच. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास आहे की ती वगळून सोरायसिसच्या मेंदूवरील परिणामांबद्दल बोलणं म्हणजे उंबरठा ओलांडून माळ्यावर शोधणं. २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात, २०० ते ३०० च्या मधला आकडा आणि हातापायांना मुंग्या असतील तर डॉक्टर पुढची तपासणी करतात.

इथे एक हुकणारी गोष्ट: सोरायसिसने नखं खराब झालेली माणसं बायोटिनच्या ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेतात. बऱ्याच प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिन ढवळाढवळ करतं, टीएसएच खोटं कमी आणि बी-१२ खोटं जास्त दिसू शकतं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवा आणि प्रयोगशाळेला सांगा. बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं घेऊन मग बी-१२ मोजणंही निरर्थक, आकडा भरपूर येणारच.

तपासणीइतकंच महत्त्वाचं पीएचक्यू-९ हे नऊ प्रश्नांचं, २७ गुणांचं टिपण. १० किंवा जास्त गुण आले तर नैराश्याचा रीतसर विचार व्हायला हवा. नैराश्यात बऱ्याचदा माणूस विसरत नाही, त्याच्यापर्यंत गोष्ट पोचतच नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांना, शून्यापेक्षा जास्त उत्तर आलं तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. सरकारच्या टेली-मानसचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतूनही.

घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा बसल्या जागी डुलकी हे असेल तर झोपेची तपासणी आधी. सकाळी बोटं किंवा टाचा अर्धा तासाहून जास्त आखडलेल्या राहत असतील तर संधिवाततज्ज्ञ आधी.

खाज आणि झोप: मलमाचं गणित

निळ्या चुकांचं एक मोठं कारण रात्रीची खाज, आणि रात्रीच्या खाजेचं एक मोठं कारण अपुरं मलम. बोटांसकट आपला एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टे चार तळहातांएवढे असतील तर एका वेळी १ ग्रॅम, दोन वेळा २ ग्रॅम, चौदा दिवसांत २८. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दोन आठवड्यांत संपायला हवी. तीच ट्यूब दिवाळीपासून होळीपर्यंत पुरली असेल तर औषध लागू पडलं नाही असं नाही, ते लागलंच नाही.

दुसऱ्या टोकाला जाऊ नका. क्लोबेटासॉलसारखं तीव्र स्टेरॉइड मलम आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर नाही, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे नाही, आणि चेहरा, काखा, जांघा यांना तर नाहीच.

साधं ओलावा धरणारं मलम मात्र सढळ हाताने. अंगभर लावायचं तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागतं, त्यामुळे छोट्या देखण्या बाटलीपेक्षा पेट्रोलियम जेलीचा मोठा डबा परवडतो. आंघोळ कोमट पाण्याने, दगडाने घासणं बंद, अंग टिपून तीन मिनिटांत मलम. खपल्या नखाने उचकटायच्या नाहीत, त्या सॅलिसिलिक अॅसिडच्या मलमाने मऊ होऊन गळतात. नखं दर रविवारी कापा. रात्री खाज उठली तर ओल्या गार फडक्याची घडी पाच मिनिटं दाबून धरा. खाजवण्याचं सुख त्यात नाही, पण एनजीएफचं चक्र तिथे एकदा तरी तुटतं.

एनजीएफच्या ग्राहकालाच अडवणारं एक मलम सोरायसिसच्या खाजेवर चाचण्यांत वापरून झालं आहे आणि खाज कमी झाल्याचं दिसलंही. दुकानात मात्र ते अजून मागू नका.

चालणं

बीडीएनएफ वाढवण्याचा ज्याला काही पुरावा आहे असा उपाय म्हणजे दम लागेल असा नियमित व्यायाम. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १२० ज्येष्ठ माणसांपैकी निम्म्यांना वर्षभर, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटांपर्यंत चालवलं. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे २ टक्क्यांनी वाढला आणि ज्यांचा जास्त वाढला त्यांच्या रक्तातलं बीडीएनएफही जास्त वाढलेलं होतं. ती माणसं सोरायसिसची नव्हती, हे लक्षात ठेवून घ्या.

वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पहिला आठवडा १० मिनिटं, मग दर आठवड्याला पाच वाढवत ४० पर्यंत. सोरायसिसवाल्याचं चालणं सुटतं ते आळसाने नव्हे, कातडीने. तळव्याला भेगा असतील तर आधी पंधरा दिवस रोज रात्री युरियाचं मलम लावून वर सुती मोजे घालून झोपा, मग चालायला सुरुवात करा. जांघेत आणि स्तनांखाली चट्टे असतील तर निघण्याआधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, नाहीतर घामाच्या घासण्याने तिथेच नवा चट्टा उठतो. बेल्ट, घट्ट इलास्टिक, सिंथेटिक टी-शर्ट यांचाही तोच दोष. परत आल्यावर घाम अंगावर वाळू देऊ नका. मे महिन्यात सकाळी सातच्या आत आटपा. मॉलमध्ये फेऱ्या मारल्या तरी चालतं, मेंदूला दुकानं दिसत नाहीत. टाच दुखत असेल तर सायकल किंवा पोहणं, पण तलावातून आल्यावर क्लोरीन धुऊन मलम लावल्याशिवाय कपडे घालायचे नाहीत.

प्रबंधासाठी बीडीएनएफ मोजणाऱ्यांना

एमडी किंवा एमएस्सीच्या प्रबंधासाठी हा विषय हल्ली बराच घेतला जातो, आणि चुका त्याच त्या होतात. सीरम की प्लाझ्मा हे पहिल्या नमुन्याआधी ठरवा आणि मध्येच बदलू नका. सीरम घेतलं तर प्रत्येक नळी गोठायला तेवढाच वेळ द्या, ३० मिनिटं ठरली तर ओपीडीत गर्दी असली तरी ३०च. प्लेटलेटची संख्या त्याच वेळी नोंदवा. रक्त सकाळी ठरावीक वेळेत घ्या, आदल्या दिवशी जोराचा व्यायाम नको. छोट्या भागांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा म्हणजे एकच नमुना पुन्हा पुन्हा वितळवावा लागत नाही. किट पक्व बीडीएनएफ मोजतं की कच्चंही धरून, हे माहितीपत्रकात बघून पद्धतीच्या प्रकरणात लिहा.

तुलनेचा गट म्हणून स्टाफ आणि विद्यार्थी घेतले की खेळ तिथेच संपतो. ते तरुण, सडपातळ आणि जास्त शिकलेले असतात, आणि मोकाचे गुण शिक्षणावर चढतात. वय, लिंग, बीएमआय आणि शाळेची वर्षं जुळवा. बीएमआय जुळवायला माणसं मिळत नाहीत, ही रड खरी आहे. पण ते न जुळवता निघालेला फरक सोरायसिसचा की पोटाच्या घेराचा, हे परीक्षक विचारणारच. पासी (चट्ट्यांची तीव्रता) ० ते ७२ मध्ये, डीएलक्यूआय (रोजच्या जगण्यावरचा परिणाम) ० ते ३० मध्ये, पीएचक्यू-९ आणि खाजेचा आकडा त्याच दिवशी घ्या. नैराश्यावरची औषधं घेणाऱ्यांचं काय करायचं ते आधी लिहून ठेवा, निकाल बघून नाही.

उपचारानंतर पुन्हा मोजायचं असेल, तर ते रुग्णाने घरच्या वहीत असो की तुम्ही प्रयोगशाळेत, १२ ते १६ आठवडे थांबा. चट्टे आधी पातळ होतात, खाज त्याच्या आसपास उतरते, झोप मागून येते, आणि उलट्या अंकांची ओळ चारवरून पाचवर गेली तर ती सगळ्यात शेवटी जाते.